पाताळतीर्थ आणि बायजाचं ताम्हण

गुरुवारी सकाळी पळसवाडीच्या मारुतीच्या देवळात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. हमरस्त्यावरच्या कुंभिवलीपासून आत वळणाऱ्या अरुंद वाटेवर टेंपो आणि रिक्षा एकामागे एक लागल्या होत्या. खोपोलीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून निघालेली माणसं घरी न जाता तशीच डब्याच्या पिशव्या घेऊन येऊन बसली होती. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, आणि मधे चौरंगावर निळा प्लास्टिकचा टब. टबात कडक चहासारखं तपकिरी पाणी.

टबामागे, वाघाच्या पट्ट्यांचं चित्र छापलेल्या चादरीवर, ताम्रनाथ महाराज बसले होते. त्यांनी माइक ओठांजवळ घेतला.

"भक्तहो, हे तीर्थ गंगेचं नाही, गोदावरीचं नाही. हे पाताळतीर्थ. सातव्या पाताळात तांब्याचे डोंगर आहेत. शेषनाग कूस बदलतो तेव्हा त्या डोंगरांना घाम फुटतो. तोच हा घाम. माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, कोर्टसुद्धा तारीख देतं. पाताळतीर्थ तारीख देत नाही, थेट निकाल देतं."

सातव्या पाताळातून पाणी वर खेचायला महाराजांना किती ताकदीचा पंप लागला असेल, हे कोणी विचारलं नाही. गावात म्हशी मरत होत्या, आणि ज्याच्या गोठ्यातली दावण रिकामी झाली आहे त्याला असले प्रश्न सुचत नाहीत.

महाराजांनी तळहाताएवढी तांब्याची पाटी उचलली. लखलखीत, कोरी. दोन्ही बाजूंनी सगळ्यांना दाखवली, तिच्यावर कुंकू आणि भस्म चोळलं, लाकडी चिमट्यात धरून टबात सोडली. आरती सुरू झाली. टाळ वाजले. आरती संपताच पाटी वर आली, शेजारच्या बादलीतल्या साध्या पाण्यात खळबळून निघाली, आणि पुढच्या रांगेतल्या माणसांच्या तोंडून एकदम श्वास बाहेर पडला. पाटीचं सगळं अंग मंद, गुलाबी झालं होतं, आणि त्यात झळझळीत अक्षरं उभी होती. यंत्र.

मागच्या गुरुवारी उमटलं होतं, स्त्री. आज यंत्र. म्हणजे एका बाईनं यंत्र करून म्हशी मारल्या.

बायकांच्या घोळक्यात, खांबाला टेकून, सुप्रिया बसली होती. तिचं लक्ष अक्षरांकडे नव्हतं. ती महाराजांच्या बोटांकडे बघत होती. नखांच्या कडांना पिवळट-तपकिरी डाग होते, हळदीचे वाटावेत असे. तसलेच डाग तिच्या स्वतःच्या उजव्या अंगठ्यावर होते, आणि ते साबणानं जात नाहीत हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात सदू उठला. सदू देवळाच्या पंचांपैकी एक. त्याच्या दोन म्हशी गेल्या होत्या आणि तेव्हापासून त्यानं दाढी केली नव्हती. त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून एक हिरवी पाटी काढली. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा नागमोडी फिरत होत्या. एका कडेला तुटलेल्या वायरी लोंबत होत्या.

"महाराज, विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत ही गावली," सदू म्हणाला.

महाराजांनी पाटी हातात घेतली, डोळे मिटले, उघडले. "कृत्यायंत्र," ते म्हणाले. "करणीचं यंत्र. या वाटा बघा. ही वाट विहिरीतून निघते. ही वळते. ही गोठ्यात जाते. करणाऱ्या बाईचं नाव पुढच्या गुरुवारी तीर्थ स्वतः लिहील."

ती वाट गोठ्यात जात नव्हती. ती ट्रान्झिस्टरपासून भोंग्यापर्यंत जात होती. टाकी भरली की शिट्टी वाजावी, पंप बंद करायला माणसानं धावावं, पाणी वाया जाऊ नये, एवढंच तिचं काम. मागच्या उन्हाळ्यात ती सुप्रियानं बनवली होती, आणि बसवायला तिला आग्रहानं घेऊन जाणारा माणूस सदूच होता.

सुप्रिया उठायला लागली. शेजारी बसलेल्या तिच्या सासूनं, बायजानं, तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि सोडलं नाही. पण माना वळायच्या त्या वळल्याच होत्या. आणि गंमत अशी, की महाराज ज्या माइकवरून हे सगळं सांगत होते त्याच्या ॲम्प्लिफायरमधली पाटीही सुप्रियाच्याच हातची होती. तिच्याच तांब्याच्या वाटांवरून तिच्याविरुद्धचा आवाज गावभर चालला होता.

सुप्रिया कर्जतची. पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. लग्नानंतर नोकरी सुटली, पण हात गप्प बसले नाहीत. मागच्या पडवीत तिचं छोटं दुकान मांडलेलं असे. कोणाच्या पंपाची शिट्टी, कोणाचा बिघडलेला रेडिओ, देवळातला भोंगा. या सगळ्यांच्या पोटात जी पाटी असते, तिला पीसीबी म्हणतात, आणि सुप्रिया ती घरीच करी.

करायची रीत साधी. एका कडक पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला मिळतो. त्याच्यावर पक्क्या शाईच्या पेनानं वाटा काढायच्या आणि पाटी तपकिरी पाण्यात सोडायची. ते पाणी म्हणजे फेरिक क्लोराइड, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा घरबसल्या मोबाइलवर मागवता येतं. ते उघडं तांबं खातं. शाईखालचं तांबं मात्र त्याला सापडत नाही. थोडा वेळ हलवत राहायचं, पाटी काढून धुवायची, शाई थिनरनं पुसायची, आणि खाली चकचकीत वाटा उरलेल्या असतात. सुप्रियाला तो क्षण अजूनही आवडे. बायजाला कीर्तनात बुवा पूर्वरंग संपवून आख्यानाला उभे राहिले की जे वाटे, तसलंच काहीतरी तिला वाटत असावं.

बायजा कीर्तनवेडी. आसपासच्या कुठल्याही गावात सप्ताह असू दे, ती पहिल्या रांगेत. ऐकलेलं आख्यान दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता सुनेला जसंच्या तसं सांगायची, बुवांच्या टाळीसकट. सून पाटी हलवायची, सासू चालीत सांगायची, असं त्या पडवीत वर्षानुवर्षं चाललं होतं. भांडण झालं ते एकदाच. अगदी सुरुवातीला हाताशी भांडं नव्हतं म्हणून सुप्रियानं देवघरातलं तांब्याचं ताम्हण घेतलं आणि त्यात ते पाणी ओतलं. ताम्हणाच्या काठाला कायमचे खड्डे पडले. बायजाच्या सासूचं ताम्हण ते. बायजा खड्ड्यांवरून बोट फिरवत म्हणाली की तुझ्या पाण्याला तांबं गोड लागतं, तर त्याला तांब्याजवळ येऊ देऊ नकोस. तेव्हापासून आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा.

त्या गुरुवारी देवळातून दोघी घरी परतल्या. उंबऱ्यात चप्पल काढताना बायजा म्हणाली, "अगं सुप्रिया, तीर्थ प्लास्टिकात कोण ठेवतं?"

सुप्रिया थांबली.

"माझ्या जन्मात नाय बघितलं. तीर्थ म्हंजे तांब्याची पंचपात्री, तांब्याची पळी. ह्याचा निळा टब. मी मघापासून म्हणतेय, ह्या बाबाला तांब्याचा इतका सोस, मग तीर्थ प्लास्टिकात का? आन मग मला आपलं ताम्हण आठवलं."

सुप्रियानं तिला तिथेच, उंबऱ्यात बसून, सगळं सांगितलं. तेच पाणी. पाटीवर आधीच बिनरंगाच्या नेलपॉलिशनं अक्षरं काढायची, वाळली की दिसत नाहीत, उरलीसुरली चमक कुंकवाखाली झाकायची. पाणी उघडं तांबं खाऊन मंद करतं, नेलपॉलिशखालचं तसंच चमकत राहतं. आरती म्हणजे तेवढा वेळ घालवायची सोय.

बायजाचं तोंड उतरलं. पहिल्या गुरुवारी महाराजांच्या पाया पडायला गावात सगळ्यात आधी ती गेली होती. त्यांच्या शिष्यानं मायेनं विचारपूस केली तेव्हा तिनं कौतुकानं सांगितलं होतं की देवळातला भोंगा आमच्या सुनेनं केलाय, यंत्रंबिंत्रं तीच करते, नाव सुप्रिया.

"म्हंजे नाव मीच दिलं त्याला," ती म्हणाली.

गाव बंद व्हायला वेळ लागत नाही. त्याला कुलूप लागत नाही, कोणी दार लावत नाही. दूध घालणारी दूध घालायची थांबली. शेजारची सुंदरा, जिच्या मुलीच्या बाळंतपणात बायजा उशाशी बसून होती, ती अंगणात दिसली की आत जायची. सदूनं निरोप पाठवला की गुरुवारपर्यंत या घरातल्या कोणी गाव सोडायचं नाही, आणि ओढ्यावरच्या पुलाशी खाट टाकून दोन माणसं बसवली. पुलाखेरीज हमरस्त्याला लागायला दुसरी वाट नव्हती. खाटेवर पत्ते चालायचे, पण डोळे वाटेवर.

सुप्रिया पडवीत बसून कोड्याच्या सगळ्या बाजू फिरवून बघत होती आणि प्रत्येक बाजूला भिंत होती. खरं सांगायला गेलं तर पहिला प्रश्न येणार, तुला कसं ठाऊक? कारण तेच पाणी माझ्या घरात आहे. मग झालंच की. बाटली फेकावी, तर फेकताना कोणी पाहिलं की पुरावा लपवला. ओतून टाकावी, तर ते पाणी नाल्यात सोडत नाहीत. ती वापरलेलं पाणीसुद्धा धुण्याचा सोडा घालून, साका बसवून, बाजूला बाटलीत भरून ठेवायची. आता तीच बाटली पडवीच्या फळीवरून तिच्याकडे बघत होती. महाराजांच्या फसवणुकीचा अख्ख्या गावात एकच साक्षीदार होता, आणि त्यानं तोंड उघडलं की तोच आरोपी ठरणार होता.

तिनं एक प्रयत्न केला. खालापूरला जनावरांच्या डॉक्टर आहेत, मेघा. त्यांना फोन लावला. त्यांनी सांगितलं की पळसवाडीच्या म्हशींना गोचीडताप आहे, पहिल्याच म्हशीला तपासून तसं सदूला सांगितलं होतं, गोठे फवारायला सांगितले होते. सदूनं ऐकून घेतलं आणि महाराजांना बोलावलं. आता त्यांची गाडी पुलाशी आली की खाटेवरची माणसं सांगतात, गुरुवारनंतर या.

बुधवारी राजेश आला. राजेश सुप्रियाचा नवरा, माथेरानच्या एका हॉटेलात कामाला, आठवड्याला एकदा खाली उतरायचा. त्याला पुलावर अडवलं नाही. आत जाणाऱ्याला कशाला अडवतील? त्यानं आल्या आल्या सांगितलं की शेतातून, रेल्वेच्या बाजूनं मी तुला कर्जतला आईकडे पोचवतो, हे निवलं की ये.

"मी गेले की हे निवणार नाही," सुप्रिया म्हणाली. "मी गेले की ते खरं होईल. मग कायम कर्जतलाच राहायचं. आणि आई इथे एकट्या राहतील, करणीवालीची सासू म्हणून."

मग पोलिसांत जाऊ, राजेश म्हणाला. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, हॉटेलात टीव्हीवर बघितलंय. सुप्रियाला तेही पटत होतं. पण पोलीस आले तर गाव त्यांना पहिली पडवी दाखवणार, ही बाटली, या पाट्या. महाराज टब उचलून निघून जातील, आणि मागे गावाच्या मनात तिचंच नाव राहील. त्यांना पकडायचं तर टबासकट, पाटीसकट, गावासमोर पकडायला हवं होतं. आणि ते करायला जो कोणी उभा राहील त्याच्यावर गावानं आधी विश्वास ठेवायला हवा होता.

राजेश भिंतीला टेकून बसला. बायजा देवघरापुढे बसून चिंचेनं ताम्हण घासत होती. ती ते रोजच घासायची, पण आज जरा जास्तच घासत होती.

"सुने," ती मागे न वळता म्हणाली, "तुझी ती बिनरंगाची बाटली हाय ना, नखाला लावायची? ती दे. आन बारीक ब्रश."

"कशाला, आई?"

"दे म्हटलं ना."

गुरुवारी देवळात गर्दी आणखी वाढली होती. नाव उमटणार होतं. सुप्रियाच्या आजूबाजूला बायका जरा सरकून बसल्या होत्या, एवढ्या दाटीतही तिच्या दोन्ही अंगांना मोकळी फरशी होती. राजेश पुरुषांच्या कडेला उभा होता. सदू पहिल्या रांगेत, मांडीवर ती हिरवी पाटी घेऊन.

महाराजांनी पाताळ, शेषनाग, घाम, सगळं पुन्हा एकदा सांगितलं. या वेळी शेषनागानं कुशीबरोबर उशीही बदलली. मग त्यांनी कोरी पाटी उचलून दाखवली, तिच्यावर कुंकू चोळलं आणि चिमटा हातात घेतला.

तेव्हा बायजा उठली. तिच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. ती सावकाश चौरंगापर्यंत गेली, महाराजांना वाकून नमस्कार केला आणि फडकं सोडलं. आत ताम्हण होतं. त्याच्यावर हळदकुंकू भरलेलं.

"महाराज, संशय माझ्या घरावर हाय," ती म्हणाली. "हे माझ्या देवघरातलं ताम्हण. माझ्या सासूबाईंचं. रोज ह्याच्यात देवांची आंघोळ होते. दोष माझ्या घरात असंल तर माझ्याच तांब्यावर उमटू द्या. तुमी तीर्थ ह्याच्यात ओता."

महाराज हसले. परकं पात्र चालत नाही, मंत्रसिद्ध पाटीच लागते, असं त्यांनी समजावलं. बायजा हलली नाही. तेवढ्यात बायकांतून सुंदराचा आवाज आला. इतके दिवस तोंड लपवणारी सुंदरा.

"तीर्थ बोलतं का पाटी बोलते, महाराज? तुमीच म्हणालात, तीर्थ बोलतं."

थोडं हसू फुटलं. सदूलाही ते पटलं असावं. त्याला खात्री हवी होती, आणि खात्रीसाठी तो कशालाही तयार होता. "ओता महाराज," तो म्हणाला. "घरच्या तांब्यानं सांगितलं तर मागनं कोणी बोलाय नको."

महाराजांच्या कपाळावरची आठी सुप्रियाला लांबून दिसली आणि गेलेलीही दिसली. काही उमटणार नाही, मग भांडं विटाळलेलं आहे म्हणायचं आणि आपली पाटी पुढे करायची, असा त्यांचा हिशोब झाला होता. त्यांनी प्लास्टिकच्या मगनं तीर्थ ताम्हणात ओतलं. कुंकू तरंगून वर आलं. आरती सुरू झाली.

आरती संपली. तीर्थ परत टबात ओतून महाराजांनी ताम्हण आतून धुतलं, आणि त्याच्याकडे बघत राहिले.

सगळ्या मंडपात त्या क्षणी एकच माणूस मनापासून घाबरला, आणि तो म्हणजे ताम्रनाथ महाराज. बाकी गावाला ठाऊक होतं की तीर्थ आपोआप लिहितं. ते आपोआप लिहीत नाही हे पक्कं ठाऊक असलेला, बायजाचं घर सोडलं तर, तो एकटाच होता. आणि ताम्हणाच्या पोटात, मंद झालेल्या तांब्यावर, वाकडी पण ठसठशीत अक्षरं चमकत होती. बायजा.

पण माणूस मुरलेला होता. त्यानं ताम्हण दोन्ही हातांनी उंच धरलं आणि माइकमध्ये गर्जना केली. "बघा. सुनेवर संशय, आणि चोर देवघरात. पाताळतीर्थ कधी खोटं लिहीत नाही."

मंडपात कोणी हललं नाही. या बाईच्या हातचं पंचखाद्य न खाल्लेलं माणूस गावात नव्हतं. पण अक्षरं समोर होती. मागून कोणीतरी पुटपुटलं, म्हणूनच सगळ्या सप्ताहांना जायची का. गर्दी एखाद पाऊल पुढे सरकली. सदू उठून उभा राहिला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला की बायजाकाकीला बाजूला बसवा. दोन माणसं पुढे झाली. सुप्रियाला कळलं की आपण ज्या खोलीत कोंडलो होतो तिचं दार उघडून सासू आत आली आहे, आणि तिच्यामागे दार परत बंद झालं आहे.

ती उठली. बायजानं तिला हातानं थांबवलं.

"महाराज," बायजा म्हणाली, "परत सांगा. हे तीर्थानं लिहिलं?"

"तीर्थानंच."

"ते मी लिहिलंय. काल, देवापुढं बसून. नखं रंगवायच्या बाटलीनं."

सदू कडवट हसला. "आता असंच म्हणणार की, काकी."

"म्हणून तर आदी सांगते. ताम्हणाच्या पाठीला अजून तीर्थ लागलेलं नाय. मागं मी गौरीची पावलं काढलीत. दोन. बोटं काठाकडं. आता तुमाला दिसत नाय, बघून घ्या. सुंदरे, तू ये. तू बुडव. मला हात नको लावायला कोणी."

सुंदरानं पाठ उलटसुलट करून दाखवली. हळदीचा पिवळा थर, बाकी काही नाही. महाराज म्हणाले की तीर्थाचा असा खेळ मांडला तर ते कोपेल. बायजा म्हणाली, कोपू द्या, नाव तर माझंच आलंय. सुंदरानं ताम्हण पाठीच्या बाजूनं टबात टेकवलं. या वेळी कोणी आरती म्हटली नाही. सगळे नुसते बघत होते, आणि महाराजांच्या खांद्यावरून ओघळणारा घाम पाताळातला नव्हता.

सुंदरानं ताम्हण काढलं, बादलीत बुडवलं, पदरानं पुसलं. आणि लहान मुलीसारखं दोन्ही हातांनी वर धरलं.

दोन पावलं. बोटं काठाकडे. भाद्रपदात प्रत्येक घराच्या उंबऱ्यापासून देवघरापर्यंत निघतात, तश्शी.

मग सुप्रिया बोलली. इतके दिवस साठलेलं होतं, पण आवाज चढला नाही. ती चौरंगाकडे गेली, महाराजांची कुंकू चोळलेली पाटी उचलली, बादलीत धुतली, ओढणीनं कोरडी केली आणि दारातून येणाऱ्या उजेडाला तिरकी धरली. "सदूभाऊ, तुम्हीच वाचा."

सदूनं पाटी घेतली. सरळ धरली तर कोरी. तिरकी केली की तांब्यावर पुसट, काचेसारखी रेघ. तो ओठ हलवत वाचत गेला. सुप्रिया. अजून तीर्थाचा थेंबही न लागलेल्या पाटीवर. तो खाली बसला. त्याच्या मांडीवरची हिरवी पाटी फरशीवर पडली. ती उचलायचंही त्याला सुचलं नाही.

सुप्रियानं सगळं सांगितलं. हे कसलं पाणी, ते तांबं कसं खातं, नेलपॉलिश त्याला कसं अडवतं, टब प्लास्टिकचा का लागतो. ती म्हणाली की हे पाणी माझ्याही घरात आहे, ज्यांना बघायचंय त्यांनी आज संध्याकाळी पडवीत या, मी तुमचं नाव तुमच्याकडूनच लिहून घेते. आणि विहिरीवरची पाटीही याच पाण्यातून काढलेली आहे. तिनं म्हैस मारली नाही, तिनं फक्त शिट्टी वाजवली.

या गडबडीत महाराजांनी मागच्या दारातून काढता पाय घेतला. गाडीत बसून ते पुलाशी पोचले. पण सुप्रियासाठी टाकलेली खाट अजून तिथेच होती, आणि खाटेवरच्या माणसांना सांगून ठेवलं होतं की आज कोणालाही बाहेर सोडायचं नाही. त्यांनी महाराजांना आदरानं खाली उतरवलं, खाटेवर बसवलं, चहाही दिला. राजेशच्या फोनवरून पोलीस येईपर्यंत महाराज तिथेच होते. पुढे कळलं की गृहस्थ पूर्वी एका शहरात दारावरच्या नावाच्या पितळी पाट्या करायचे, याच पाण्यानं. नावं कोरायची सवय जुनीच होती. फक्त गिऱ्हाइकाला विचारायचं बंद केलं होतं.

देवळातली माणसं मात्र उठेनात. काय करावं हे न कळून सगळे बसून होते. तेव्हा बायजानं चौरंगावरचा माइक घेतला. आयुष्यभर तिनं माइकसमोर बसून ऐकलं होतं, हातात पहिल्यांदाच धरला.

"मी पण पाया पडले ह्याच्या," ती म्हणाली. "सगळ्यात आदी. मला वाटायचं देवावर भाव हाय म्हंजे झालं, आता काय विचारायची गरज. पण आपले कीर्तनकार बघा. बुवा आख्यान सांगतात तर दृष्टांत देतात, पुरावा देतात, शंका काढतात नि आपणच फोडतात. देवाचं नाव घेताना पण समजावून सांगतात. आन ह्यानं काय समजावलं? नुसता धाक घातला. जो धाक घालतो त्याला इचारा. इचारल्यानं देव कोपत नाय. मी काल देवाच्या ताम्हणावर नेलपॉलिश लावलं, मला काय झालं? म्हशींना गोचीडताप हाय, डॉक्टरीण घसा फोडून सांगतेय. उद्या तिला पुलावर अडवू नका. आन माझ्या घरात सून हाय, करणीवाली नाय. एवढंच."

तिनं माइक खाली ठेवला. टाळ्या पडल्या नाहीत. सुंदरा उठून बायजाजवळ येऊन बसली, खांद्याला खांदा लावून, आणि तिच्यामागून आणखी बायका सरकत आल्या. सुप्रियाच्या दोन्ही अंगांची मोकळी फरशी हळूहळू भरून गेली.

डॉक्टर मेघा दुसऱ्या दिवशी आल्या. गोठे फवारले गेले, औषधं झाली. सगळ्या म्हशी वाचल्या नाहीत, पण मरणं थांबलं. गावातली काही माणसं अजूनही म्हणतात की तीर्थात काहीतरी होतंच. होतंच की. फेरिक क्लोराइड होतं. ज्याला खात्री करायची असेल त्याला पडवी उघडी आहे. ही गोष्ट सांगून मी नास्तिक व्हा म्हणत नाही. देवळात जा, कीर्तन ऐका, टाळ वाजवा. फक्त एखाद्या बाईचं नाव कोणी देवाच्या तोंडून वदवायला लागला, तर आधी ती पाटी धुऊन उजेडाला तिरकी धरा.

ताम्हण परत देवघरात गेलं. राजेश म्हणाला, नवीन घेऊ. बायजा नको म्हणाली. देवांची आंघोळ आता तिच्या नावावर होते, आणि पाठीवरची पावलं रोज घासली तरी पुसत नाहीत.

आठवडा उलटला असेल, सदू पडवीत आला. दाढी केलेली होती. त्यानं पिशवीतून ती हिरवी पाटी काढून सुप्रियापुढे ठेवली. तुटलेल्या वायरी त्यानं स्वतःच, चुकीच्या ठिकाणी, चिकटपट्टीनं जोडून आणल्या होत्या.

"परत लागंल का गं?" त्यानं विचारलं.

सुप्रियानं पाटी उलटून बघितली, तांब्याच्या वाटा शाबूत होत्या. तिनं चिकटपट्टी सोडवली आणि वायरी जोडायची सोल्डरिंग गन तापायला ठेवली.

संध्याकाळी विहिरीवरची टाकी भरली. शिट्टी वाजली. गोठ्यात म्हशींनी कान टवकारले, आणि सदू पंप बंद करायला धावत गेला.